कपाळाची अधेली

१

कारंज्याच्या बाजारात माझी जागा ठरलेली होती. लिंबाच्या झाडाखाली, वांगी उजव्या हाताला, मेथी डाव्या हाताला, मधे तराजू. मळा आमचा गावाबाहेर विहिरीवर. पिकवायचं काम देवमनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आणि विकायचं माझं. त्याला भाव करता येत नाही. मला वरून घालता येत नाही.

माझ्या आधी ही जागा मायची होती. आम्हाला भाऊ नाही, म्हणून देवमन आमच्या घरी येऊन राहिला आणि मी मायच्या पोत्यावर बसले. मायचा हात सैल. तोलून झालं, काटा सरळ उभा राहिला, की ती एक वांगं वरून घालायची आणि म्हणायची, "ठेव बापा." गिऱ्हाईक ओळखीचं असो नसो. मी बावीस वर्षांत एक वांगं वरून घातलं नाही. बाया तोंडावर म्हणायच्या, "आवडे, तुही माय अशी नव्हती वं." नव्हती तर नव्हती.

म्हाताऱ्या बाया कधी कधी कनवटीचं जुनं नाणं काढून पुढं करायच्या. "हे चालते का वं?" आणे बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. कोणी घेत नव्हतं. मी घ्यायची. नव्या पैशाला काही अंगच नाही, फुंकर मारली तर मेथीत उडून जाईल असा. जुनं नाणं तळहातावर ठेवलं की हाताला कळतं, आपल्याला कोणी काही दिलं. भोकाचा पैसा, चवली, पावली, राणीछाप रुपया. सगळं चंचीत टाकायची आणि घरी पिठाच्या डब्यामागं एका डब्यात ठेवायची. एवढाच माझा शौक.

२

गुलाबराव माझं नेहमीचं गिऱ्हाईक. ते तीस वर्षं सरकारी खजिन्यात होते. रुपया दगडावर वाजवायचा आणि खरा की खोटा ते सांगायचं, हे त्यांचं काम. पेन्शन घेऊन गावी आले होते. एकदा मी सुटे द्यायला चंची उपडी केली तर म्हातारा वांगी विसरून वाकून पाहायला लागला.

"बाई, हे विकता का?"

"नाही. तुमी वांगे घेता का, थे सांगा."

"वांगे घेतो. पण हे नाणे घेऊन खोलीवर या एक डाव."

खोली धर्मशाळेच्या मागं, माडीवर. तिथं सात-आठ जण जमायचे. एक घड्याळवाला, एक कंपाउंडर, बाकी कापसाच्या धंद्यातले. सगळ्यांना नाण्यांचं वेड. पण नुसतं असणं पुरत नव्हतं, नाणं किती शाबूत आहे यावर तिथं सगळं चालायचं. गुलाबराव भिंगाखाली नाणं धरायचे आणि आण्यांत त्याची पत ठरवायचे. टाकसाळीतून आत्ताच निघाल्यासारखं असेल तर सोळा आणे. राजाचा कान दिसतो पण केस गेले तर दहा. नुसतीच चकती उरली असेल तर एक-दोन. जांभळ्या शाईनं चिठ्ठी लिहायची, नाण्यासोबत बटर पेपरच्या पुडीत घालायची. दरवर्षी पौषातल्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी आपलं एकेक नाणं लढवायचं. ज्याचं सरस, त्याचं नाव खडूनं नाही, रंगानं, भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर.

फळ्यावर तीन वर्षांपासून एकच नाव होतं. दौलतराव. कापसाचा दलाल, पांढरं धोतर, तोंडात सुपारी.

"या, या," मला पाहून म्हणाला. "मेथी खालीच ठेवली का वर आणली?"

फळ्यावर एकाही बाईचं नाव नव्हतं. मी चौथी शिकलेली. माझं नाव आजवर मी सोडून कोणी लिहिलेलं नाही. शाळेच्या हजेरीत मास्तरनं लिहिलं असेल तेवढंच. त्या फळ्याकडं पाहिलं आणि मला ते पाहिजे झालं. का ते विचारू नका. पाहिजे झालं.

३

पहिल्या पौषात मी राणीछाप रुपया नेला. आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून दोन तास घासला. दिवाळीला भांडी घासतो तसा. उन्हात धरला तर डोळ्याला लागत होता. मला वाटलं, आता दौलतरावाचं तोंड पाहण्यासारखं होईल.

गुलाबरावांनी पुडी उघडली आणि भिंग खालीच ठेवलं.

"बाई, काय केलं हे?"

"घासलं."

"चौदा आण्याचं होतं. मागल्या महिन्यात मी सोता पाह्यलं. तुमी चेहराच पुसून टाकला तिचा."

चिठ्ठी लिहिली, चार आणे. खोलीत आधी कोणी हसलं नाही, मग दौलतराव म्हणाला, "बाईले नाण्यापाशी काहून बसवता? भांड्यापाशी बसवा." मग सगळेच हसले.

"दौलतराव," मी म्हणाले, "त्या फळ्यावर तुमच्या नावाखाली माहं नाव नाही आलं, तर मी बाजारात बसणं सोडून देईन."

"मग वांगे कोण देईन आमाले?"

जिन्यावर गुलाबरावांनी मला थांबवलं. माणूस भला. म्हणाले, नाण्याला कडेनं धरायचं, चेहऱ्यावर बोट म्हणून टेकवायचं नाही. पुसायचं नाही. फुंकायचं नाही. पुडीत घालून अंधारात ठेवायचं. "त्याले एकटं सोडा बाई. लोकं सोडत नाहीत, म्हणून थे झिजते."

त्या दिवसापासून मी तसंच केलं. जे झालं ते सांगितल्याप्रमाणे वागल्यानं झालं, हे आधीच सांगून ठेवते.

४

मायची एक अधेली होती, म्हणजे आठ आण्याचं नाणं. तिच्या लग्नातली, पंचम जॉर्जच्या वेळची, चांदीची. ती तिनं कधी खर्चली नाही. रोज सकाळी त्या अधेलीच्या राजाच्या बाजूला मेण चोळायची आणि कपाळावर दाबायची. गोल उमटलं की त्यावर कुंकू. एका रेषेचा फरक पडत नसे. चाळीस वर्षं दाबून दाबून राजा पार गेला होता. ती बाजू नखासारखी गुळगुळीत. मागची बाजू मात्र झकास, वेलबुट्टी, साल, सगळं जागेवर. माय एकसष्ट साली गेली, सवाष्ण गेली. तिचा फोटो कधी निघाला नाही. करंडा माझ्याकडं आला, त्यात अधेली. मी टिकली लावणारी. मेणाचं झंझट कोण करणार?

त्या सालची अधेली खोलीतल्या कोणाकडंच नव्हती. म्हणून तिची पत तेवढी ठरवून घ्यावी असं मनात आलं.

गुलाबरावांनी पाहिली. "मागून चौदा आणे. समोरून बाई, काहीच नाही. दोन आणे लिहितो, तुमच्या मनाखातर."

मग सवयीनं त्यांनी ती दगडावर वाजवली.

चांदी पडली की लगेच बोलते. ही पडली, थोडी थरथरली, आणि मग वाजली. म्हणजे पडणं आणि आवाज यात एक श्वास जाईल एवढी जागा होती. गुलाबरावांनी परत वाजवली. परत तसंच.

"दगड हलते वाटते," ते म्हणाले आणि दगडाखाली कागदाची घडी घातली.

५

पुढच्या पौषात मी अधेली पुडीतून न काढता तशीच नेली. वर्षभर तिला हात लागलेला नव्हता, तो गुळगुळीतपणा कसा आहे हे सुद्धा मी पाहिलं नव्हतं.

गुलाबरावांनी भिंग लावलं, काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, परत लावलं. खिडकीपाशी नेली. उन्हात फिरवली.

"हनुवटी हाये," ते हळूच म्हणाले. "गळ्याची रेघ हाये. सहा आणे व्हयच की."

"गेल्या साली तुमी दोन लिहिले."

त्यांनी जुनी चिठ्ठी पाहिली. अक्षर त्यांचंच. म्हणाले, "म्हातारपण आलं बाई. डोळ्यानंच पोट भरलं आजवर, आता थेच चालले." आणि नवी चिठ्ठी लिहायला घेतली. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या डोळ्यांचं. अधेलीचं काही वाटलं नाही, उलट आनंदच. सहा आणे.

तिसऱ्या पौषात दहा झाले. गुलाबरावांनी लिहिलं. दौलतराव पहिल्यांदाच माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. "काय लावता बाई तिले? शेणखत?"

"तुमाले काहून सांगू मी?"

त्या रात्री मला झोप छान लागली. पुढच्या पौषात लढवायची, हे ठरलं.

६

माझी बहीण भागिरथा रिठदला दिलेली. वाशिमला गाडी बदलून वर्षातून एकदा यायची, आठ दिवस राहायची. आमचा एक नेम होता. दुपारी जेवणं झाली की ओसरीत आडवं व्हायचं आणि मायच्या गोष्टी काढायच्या. ती मेथीच्या जुड्या कशी बांधायची. पोलिसाशी कशी भांडली. बाजारातून येताना पदरात रेवड्या, आणि आम्ही दोघी वेशीपर्यंत पळत. हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. आठ दिवस पुरत नव्हते.

त्या उन्हाळ्यात भागिरथा आली आणि दोन दिवस तिनं मायचं नावच काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच काढलं.

"मायचा कान फाटला होता, थे आठवते का वं? टोपल्याची कामटी कुडीत अडकली अन्..."

"आठवते."

"कोणता कान?"

भागिरथानं आपला एक कान चाचपला, मग दुसरा. मी पण तसंच केलं. विहिरीवर मोट नव्हती आता, इंजन होतं. त्याची फटफट तेवढी ऐकू येत होती.

"आवडे," ती उठून बसली. "मले एक सांग. खरं सांग. तुले मायचं तोंड दिसते का?"

मी डोळे मिटले. मायचं हिरवं लुगडं दिसलं. बोटं दिसली, मातीनं फुटलेली. पाठ दिसली, चालणं दिसलं. चालता चालता ती वळली आणि पदराच्या आत, जिथं तोंड असतं तिथं, गुळगुळीत होतं. तिला देवी आल्या होत्या, गालावर वण होते, हे मला *माहीत* होतं. दिसत नव्हतं. कोणी ऐकवलेली गोष्ट माहीत असते तसं.

"मले वाटलं, मीच म्हातारी झाली," भागिरथा म्हणाली आणि रडायला लागली. "दोन सालापासून थोडं थोडं जाऊन राह्यलं वं. आंधी तिचे डोळे गेले."

मी उठले. पिठाच्या डब्यामागचा डबा काढला. भर दुपार होती, स्वैपाकघरात कवडसा पडला होता. पुडी उघडायला नको हे मला कळत होतं. बटर पेपर वाजला. अधेली मी कवडशात धरली, कडेनं.

मुकुट नव्हता. दाढी नव्हती. कान होता, डावा. पाळी खालपर्यंत चिरलेली.

भागिरथानं एकदाच पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. "झाक थे. माय तिले कधी उताणी ठेवत होती का? करंड्यात नेहमी पालथी ठेवे. आपण उलटी केली तर हातावर मारे. विसरली तू?"

विसरले होते.

७

आता तुम्ही म्हणाल, मग मी काय केलं. मी पौषात खोलीवर गेले.

भागिरथाला गाडीत बसवलं तेव्हा म्हणाले, भास आहे. झिजलेल्या नाण्यात माणसाला जे पाहिजे ते दिसतं, ढगात दिसतं तसं. माय जाऊन पंधरा वर्षं होत आली, कोणाच्याही मायचं तोंड पुसट होतं. स्वतःला मी हे सगळं नीट समजावलं. खरं कारण फळा. भिंतीवर माझं नाव पाहिजे होतं, आणि दौलतरावाच्या डोळ्यांपुढं पाहिजे होतं.

त्या दिवशी खोलीत बारा-तेरा जण होते. अधेलीची वार्ता गेली होती. गुलाबरावांनी पुडी उघडली, भिंग लावलं, आणि पुष्कळ वेळ मान वर केलीच नाही. खाली धर्मशाळेत कोणी बादली ओढत होतं, तो आवाज आला आणि थांबला.

"सोळा आणे," ते म्हणाले. "एक रेघ कमी नाही. पण हा राजा नव्हे. टाकसाळीची चूक दिसते. असं नाणं मी जलमात..." मग ते थांबले. भिंग जरा पुढं नेलं. "या बाईले मी पाह्यलं हाये कोठी तरी."

"नाण्यावरच्या बाईले?" कोणी तरी हसलं.

"बाजारात. मी पोरगा होतो तवा. हे... हे वरून घाले एक."

कंपाउंडरनं रंगाची डबी उघडली होती, ब्रश बुडवला होता. "नाव कसं लिहू बाई? आवडाबाई का आवडा?"

मी मायचं तोंड आठवून पाहिलं. शेवटचं. आता हिरवं लुगडं पण नव्हतं. बोटं नव्हती. बाजाराचा रस्ता होता आणि त्यावर कोणी चालत नव्हतं.

मी टेबलावर वाकले आणि अधेली उचलली. कडेनं नाही. आंगठा चेहऱ्यावर दाबून.

सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्यानं दौलतराव. "आवडाबाई! आंगठा काढा! अवं, आंगठा काढा!" त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, पोटातून ओरडला तो. आंगठ्याखाली मला काही लागलं. चांदी थंड असते. हे थंड नव्हतं, आणि पापणी मिटावी तसं एकदाच हललं.

मूठ आवळून मी जिना उतरले. फळ्यावर दौलतरावाचंच नाव राहिलं.

८

दुसऱ्या सकाळी मी करंडा काढला. मेण वाळून खडा झालं होतं, दिव्यावर धरून मऊ केलं. अधेलीवर चोळलं, कपाळावर दाबली, वर कुंकू. देवमन चहा पिता पिता पाहत राहिला. "आज काय हाये?"

"काही नाही. आजपासून असंच."

रोज लावते. एक दिवस चुकवत नाही. झाल्यावर पालथी ठेवते. महिनाभरात कान पुसट झाला, मग गळ्याची रेघ. आणि जसं तिथलं गेलं तसं इथं आलं. आधी देवीचे वण आले, एकेक करून, डाव्या गालावर सात. मग दात, पुढचा एक आडवा. एका सकाळी मेथी निवडताना डोळे आले, एकदम, आणि मी जुडी हातात धरून बसून राहिले. माय हसत होती. भागिरथाचं पत्र आलं, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं: "मायचं तोंड दिसते. तुले पण दिसते का?"

दिसते. इतकं स्वच्छ तर ती होती तेव्हा पण दिसत नव्हतं. काम करता करता मी डोळे मिटते आणि सगळं जागेवर असतं, रेवड्या, वेस, ती, आम्ही. त्या दिवसांत मी जेवढी सुखात होते तेवढी कधी नव्हते.

एवढंच, की देवमन हल्ली मला हाक मारायच्या आधी जरा थांबतो. विहिरीवरून वर पाहतो, बांधावर मी उभी असते, आणि तो कपाळावर हात धरून पाहत राहतो. ऊन असतं, म्हणा.

आरसा मी पाहत नाही. त्या कुंकवाला आरसा लागतच नाही. अधेलीला आपली जागा माहीत आहे.

९

पौष आला आणि गेला. मी खोलीवर गेले नाही. नंतरच्या एका बाजाराला दौलतराव माझ्यापुढं येऊन उभा राहिला. पिशवी पुढं केली.

"वांगे द्या एक किलो."

मी तोलायला घेतली. तो इकडंतिकडं पाहत होता.

"बाई, इथं आवडाबाई बसे. कोठी गेली थे?"

मला वाटलं, थट्टा. त्याची जुनीच खोड. मी मान वर केली, चांगलं तोंडावर फेकायला शब्द तयार होता. पण तो हसत नव्हता. सुपारी पण चघळत नव्हता. वयानं मोठ्या परक्या बाईशी बोलतात तसा जरा वाकून उभा होता.

"काही नाही," तो म्हणाला, "सालभर मले चैन नाही. तिच्याजवळ एक अधेली हाये. पुन्हा एक डाव पाह्याची होती. मी लय बोललो तिले. सांगान का, दौलतराव येऊन गेला म्हणून?" मग त्यानं माझ्या कपाळाकडं पाहिलं, आणि तिथून कानाकडं. "तुमी तिच्या कोण?"

तराजूचा काटा हलत होता. हलता हलता सरळ उभा राहिला. किलो बरोबर झाला होता, ना कमी ना जास्त. मी पारडं त्याच्या पिशवीत रिकामं केलं.

मग माझा हात टोपल्यात गेला, एक वांगं उचललं, आणि वरून टाकलं.

"ठेव बापा."

आवाज ओळखीचा होता. पुष्कळ वर्षांनी ऐकला.